कमलाबाई सोहोनी : प्रथिनांच्या वाटा

कॅनॉट प्लेसहून पंचकुइयाँ रस्त्याकडे निघाले की शिवाजी स्टेडियमपासून जवळच लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाचे आवार लागते. स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकता यावे, केवळ एवढ्याच हेतूने १९१६ साली ते उघडले. दिल्लीतील अनेक मराठी कुटुंबांचा या आवाराशी संबंध आलेला आहे. कोणाची मुलगी तेथे डॉक्टर झाली, कोणाचे मूल तेथे जन्मले. याच महाविद्यालयात १९३९ साली, दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परतलेली अठ्ठावीस वर्षांची एक मराठी तरुणी जीवरसायनशास्त्राची प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून रुजू झाली. तिचे नाव कमला भागवत. पुढे विवाहानंतर त्या डॉ. कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या.

भागवत हे नाव ऐकले की मराठी वाचकाला प्रथम दुर्गाबाई आठवतात. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा, आणीबाणीला उघडपणे विरोध करणाऱ्या विदुषी. कमलाबाई त्यांच्या पाठच्या भगिनी. दोघींचा जन्म इंदूरचा; दुर्गाबाईंचा १९१० चा, कमलाबाईंचा १८ जून १९११ चा. संस्कृत पंडित व समाजसुधारक राजारामशास्त्री भागवत हे याच घराण्यातले. पण कमलाबाईंच्या आयुष्याला वळण लावले ते घरातील रसायनशास्त्राने. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, झालेले. आपणही तेथेच जावयाचे, हे या मुलीने लहानपणीच ठरवून टाकले होते, आणि घरात त्याला कोणी हसले नाही. त्या काळाचा विचार करता ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी म्हणावी लागेल.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत, रसायनशास्त्र हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन, त्या गुणानुक्रमे पहिल्या आल्या. एवढ्या गुणांवर बंगळूरचा प्रवेश ही केवळ औपचारिकता ठरावयास हवी होती. अर्ज मात्र नामंजूर होऊन आला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि सगळ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. अर्ज नाकारण्याचे कारण गुणांत नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच होते.

कमलाबाईंनी हा निर्णय मुकाट्याने स्वीकारला नाही. वडील आणि काका यांनी रदबदली करून पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. तेव्हा त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे लेखी कारण मागू लागल्या. गांधीजींच्या चळवळीचे ते दिवस होते. संचालकांच्या कचेरीबाहेर त्यांनी सत्याग्रह मांडला. अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नव्हते. वर्षभराचे काम पसंत पडले तरच नाव पटावर चढणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंत, काम करावे लागणार होते. आणि प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होईल असे काही त्यांच्या हातून घडता कामा नये, अशीही एक अट होती. वरच्या दोन अटी कष्टाळू विद्यार्थ्याला जड नव्हत्या. तिसरी अट अपमानाची होती, आणि त्यांनी ती त्या अर्थानेच घेतली. तरीही त्या राहिल्या.

मार्गदर्शक लाभले ते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण विद्यार्थ्याकडे विद्यार्थी म्हणूनच पाहणारे. त्यांच्या हाताखाली दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम सुरू झाले. वर्ष संपले, काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि प्रवेश नियमित झाला. १९३६ साली त्यांनी विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पूर्ण केली. त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. १९४० मध्ये अन्ना मणी या तर खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि पुढे हवामानशास्त्रात नामवंत झाल्या. यासाठी रामन यांना श्रेय द्यावयास हवे. मात्र कमलाबाईंच्या मनातील सल त्याने गेला नाही. एवढा थोर शास्त्रज्ञ आणि दृष्टी इतकी संकुचित, ही खंत त्या वृद्धापकाळीही जाहीरपणे बोलून दाखवीत.

ज्या पदार्थांवर त्यांनी बंगळूरला काम केले, त्यांच्याविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. कारण त्यांचे पुढील सारे आयुष्य प्रथिनांभोवतीच फिरले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. ही माळ पेशीत रायबोझोम नावाच्या अतिसूक्ष्म कणांवर ओवली जाते. पण नुसती ओवून भागत नाही. तिची ठरावीक घडी पडावी लागते, तेव्हाच तिला गुण येतो. घडी पडलेले प्रथिन ज्या जागी काम करावयाचे त्या जागी पोहोचावेही लागते, आणि पेशी म्हणजे काही एकाच दालनाचे घर नव्हे. तिच्यात पातळ पटलांनी वेगळी केलेली अनेक दालने असतात : आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, तंतुकणिका, रिक्तिका. दुधातील केसीन हे प्रथिन घ्या. गाईच्या कासेतील पेशीत ते आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावर तयार होऊन आत शिरते, तेथून गॉल्गी संकुलात जाते, तेथे त्याला फॉस्फेट जोडले जाते, कॅल्शियमशी बांधले जाऊन त्याचे सूक्ष्म पुंज बनतात, आणि मग पटलाच्या पिशवीत भरून ते पेशीबाहेर सोडले जाते. दूध पांढरे दिसते ते मुख्यतः या पुंजांमुळेच. १९३६ साली मात्र यांतले काहीच माहीत नव्हते. गॉल्गी या इटालियन वैद्याने पेशीतील ती जाळी १८९८ मध्ये पाहिली होती, पण ती खरोखर असते की रंग चढविताना होणारा भास आहे, यावरच विद्वानांचा वाद चालू होता. पेशीच्या आतील पटले स्पष्ट दाखविणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जीवशास्त्राच्या कामी यावयास आणखी दहा-पंधरा वर्षे होती. कमलाबाईंच्या हाती होत्या त्या परीक्षानळ्या, तराजू आणि चिकाटी.

१९३७ साली त्या केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल मिळविणारे सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. त्यांच्या विभागात कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले आणि रिक्टर दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे त्या आल्या. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ऑक्सिजन कसा मोकळा करतात, यावरील संशोधनासाठी पुढे जगप्रसिद्ध झालेले ते हिल हेच. बंगळूरच्या अनुभवानंतर केंब्रिजची मोकळीक त्यांना किती मोलाची वाटली असेल, याची कल्पना करता येते.

त्याच केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये एक मोठा शोध लावला होता. कीटकांच्या स्नायूंवर आणि यीस्टवर पडलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहताना त्यांना ठरावीक जागी काळे पट्टे दिसले. पेशीत श्वसनाशी संबंधित असे एक रंगद्रव्य आहे, असे त्यांनी त्यावरून दाखविले आणि त्याला सायटोक्रोम हे नाव दिले. प्राण्यांत व यीस्टमध्ये त्याचा अभ्यास पुष्कळ झाला. वनस्पतींचे श्वसनही त्याच मार्गाने चालते काय, हे मात्र नीट प्रस्थापित व्हावयाचे होते. कमलाबाईंनी बटाटा घेतला. पानांत हरितद्रव्य एवढे असते की त्याच्या रंगाखाली बाकीचे सारे झाकले जाते. बटाट्याच्या गरात ती अडचण नाही. त्या गरात त्यांना सायटोक्रोम-सी सापडले, आणि वनस्पतींच्या पेशींतही अन्नाचे ज्वलन याच प्रथिनाच्या मदतीने होते, हे त्यांनी दाखवून दिले. बटाटा, यीस्ट आणि माणूस हे एकाच रीतीने श्वास घेतात, हा त्या कामाचा अर्थ. प्रबंध टंकलिखित अवघ्या चाळीस पानांचा होता आणि केंब्रिजला आल्यापासून चौदा महिन्यांत त्यांनी तो सादर केला. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. केंब्रिजची विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. प्रबंधाची जाडी पाहून विद्वत्ता जोखणाऱ्यांनी ही चाळीस पाने लक्षात ठेवावीत.

हे सायटोक्रोम-सी पेशीत नेमके कोठे असते आणि तेथे ते कसे पोहोचते, हे उलगडण्यास पुढील चाळीस-पन्नास वर्षे लागली. कथा मोठी सुरस आहे. त्याचे स्थान तंतुकणिकेत आहे. तंतुकणिकेला दोन पटले असतात, एक बाहेरचे आणि एक आतले. सायटोक्रोम-सी या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत, आतल्या पटलाला अलगद चिकटून राहते आणि एका मोठ्या प्रथिनसमूहाकडून इलेक्ट्रॉन घेऊन दुसऱ्याला पोहोचविते. पण त्याची माळ ओवली जाते ती तंतुकणिकेच्या बाहेर, पेशीद्रवात. तेथून तिला बाहेरचे पटल ओलांडावे लागते. तंतुकणिकेत जाणाऱ्या पुष्कळशा प्रथिनांच्या टोकाला पत्त्याच्या चिठ्ठीसारखा एक तुकडा असतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो कापला जातो. सायटोक्रोम-सीला अशी सुटी चिठ्ठी नसते. ते येते तेव्हा त्याची घडीही पडलेली नसते; सैल धाग्याप्रमाणे ते पटलातून आत सरकते. आत आल्यावर त्याला हीम नावाचा लोहयुक्त गट पक्का जोडला जातो. रक्ताचा लाल रंग ज्या गटामुळे येतो त्याच जातीचा हा गट. हीम जोडले गेले की त्याच्याभोवती माळेची घट्ट घडी बसते, आणि घडी बसली की आल्या वाटेने परत जाणे शक्य राहत नाही. हीम जोडणारी यंत्रणा प्राण्यांत एक आहे आणि वनस्पतींत निराळी आहे. बटाट्याच्या आणि माणसाच्या पेशींनी दोन वेगळ्या हत्यारांनी तेच काम साधले आहे. याहून नवलाची गोष्ट १९९६ मध्ये कळली. तंतुकणिकेला इजा होऊन हेच प्रथिन बाहेर पेशीद्रवात सांडले, तर पेशी त्याला मृत्यूचा संकेत समजते आणि स्वतःचा नाश ओढवून घेते. आत असताना जे श्वास चालविते, तेच बाहेर आल्यावर प्राण घेते. प्रथिन तेच, फरक फक्त जागेचा.

पदवीनंतर परदेशात राहण्याची संधी कमलाबाईंना होती. अमेरिकेतील औषध कंपन्यांकडून बोलावणी आली होती. गांधीजींच्या विचारांचा पगडा असल्याने त्यांनी भारतात परतणे पसंत केले, आणि पहिला मुक्काम पडला तो दिल्लीत. लेडी हार्डिंग महाविद्यालय तेव्हा पंजाब विद्यापीठाच्या छत्राखाली होते. समोर बसणाऱ्या साऱ्या मुलीच होत्या. बंगळूरच्या प्रयोगशाळेत जिच्या नुसत्या उपस्थितीला अटी घालाव्या लागल्या होत्या, ती येथे विभागाची प्रमुख होती. शिकविणे त्यांना आवडत असे, पण वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाला वाव थोडा. म्हणून निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालकाचे पद मिळताच त्या तेथे गेल्या. जीवनसत्त्वांवरील काम त्यांनी तेथे केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला. सोहोनी हे विमागणितज्ञ. त्यानंतर कमलाबाई मुंबईकर झाल्या आणि तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने सुरू होत असलेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली.

काळा घोड्याजवळच्या त्या दगडी इमारतीत त्यांचे सर्वांत दीर्घ काम झाले. केंब्रिजची कीर्ती पाठीशी असताना त्यांनी विषय निवडला तो गरिबांच्या ताटातला : कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा. संशोधनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही त्यांनी याच वाटेला लावले.

त्यांतील वालाचे काम मराठी वाचकाला विशेष रुचेल असे आहे. वाल दिल्लीच्या बाजारात सहज दिसत नाहीत. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून ते येथल्या घरांत येतात. रात्री भिजत घालावे, फडक्यात बांधून मोड आणावेत, कोमट पाण्यात टाकून सोलावेत आणि मग डाळिंब्यांची उसळ करावी, हा खटाटोप का, असे नव्या सुनेने विचारले तर सासूबाई चवीचे नाव सांगतील. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने त्यामागचे आणखी एक कारण पुढे आणले. वालात आणि डबल बीमध्ये काही प्रथिने अशी असतात, की ती आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचक विकराला जखडून टाकतात. मग कडधान्यात प्रथिन भरपूर असूनही ते नीट पचत नाही. ही रोधक प्रथिने वाल व डबल बी यांतून शुद्ध, स्फटिकरूपात वेगळी केल्याचे टिपण कमलाबाई व त्यांच्या सहसंशोधकाच्या नावे १९५५ मध्ये नेचर या नियतकालिकात आले. उसळीतल्या वालाला लंडनच्या त्या नियतकालिकात मानाचे पान मिळाले, ही गोष्ट गमतीची खरी, पण त्यामागचा प्रश्न गमतीचा नव्हता. मांस-मासे-दूध ज्यांना परवडत नाही, त्यांच्या प्रथिनांचा सारा भार कडधान्यांवर असतो. त्या कडधान्यातच पचनाला अडसर असेल, तर तो कशाने दूर होतो हे कळणे भाग होते. भिजविणे, मोड आणणे आणि पाण्यात भरपूर शिजविणे यांनी हा दोष पुष्कळ कमी होतो. उष्णतेने रोधकाची घडी विस्कटते आणि घडी गेली की ट्रिप्सिनला जखडण्याची शक्तीही जाते. काही रोधक मात्र हट्टी असतात. त्यांच्या घडीला गंधकाचे टाके घातलेले असतात आणि ती सहजी उसवत नाही. वाल अर्धकच्चे राहिले की पोट का कुरकुरते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

बी हे रोधक स्वतःसाठी करते. किड्या-मुंग्यांनी ते खाऊ नये म्हणून. बियांतील ही प्रथिनेही आंतर्द्रव्यजालिकेत तयार होतात आणि पटलांच्या वाटेने रिक्तिकांत नेऊन साठविली जातात. दुसऱ्या बाजूला ज्या ट्रिप्सिनला ती अडवितात, त्याचीही कथा अशीच पटलांची आहे. आपले स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार करते ते निष्क्रिय रूपात, पटलाच्या पिशव्यांत कोंडून. आतड्यात उतरल्यावरच त्याला धार येते. आतच धार आली असती तर त्याने स्वादुपिंडच पचवून टाकले असते. खबरदारी म्हणून स्वादुपिंड आपल्याजवळ ट्रिप्सिनचा एक रोधकही बाळगून असते, वालाच्या बीप्रमाणेच. हा सारा प्रवास, जालिकेपासून गॉल्गी संकुलापर्यंत आणि तेथून पिशव्यांपर्यंत, जॉर्ज पलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगच्या स्वादुपिंडावर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने मांडला. नव्या प्रथिनाला किरणोत्सर्गी खूण करावयाची आणि ते किती वेळात कोठे पोहोचते ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहावयाचे, अशी ती पद्धत होती. काही मिनिटांत खूण गॉल्गी संकुलापाशी दिसे, तास-दोन तासांत पिशव्यांत. १९७४ मध्ये पलाडी यांना त्यासाठी नोबेल मिळाले. मुंबईत कमलाबाई त्या प्रवासाच्या दुसऱ्या टोकाशी काम करीत होत्या. पेशीतून बाहेर पडलेले प्रथिन माणसाच्या अंगी लागते की नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

नीरेवरील कामाला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेचे निमित्त झाले. सूर्योदयापूर्वी काढलेला, आंबू न दिलेला ताडा-माडाचा रस म्हणजे नीरा. दारूबंदीच्या काळात ताडी बंद झाली तेव्हा त्या झाडांवर जगणाऱ्यांचे काय, हाही प्रश्न त्यामागे होता. कमलाबाईंना नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह चांगल्या प्रमाणात आढळले. नीरेपासून केलेल्या गुळात व काकवीतही ते टिकून राहते, असे दिसले. आदिवासी भागातील कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा झाली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पाच्याही त्या सल्लागार होत्या. दूध नासू नये यासाठी त्यांनी एक पद्धत बसवून दिली. बंगळूरला ज्या दुधाच्या प्रथिनांशी पहिली ओळख झाली होती, तीच आता लाखो घरांच्या सकाळच्या चहाशी जोडली गेली होती.

एवढे करूनही संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला वेळेवर आले नाही. अंतर्गत राजकारणात चार वर्षे गेली आणि मग ते मिळाले. बंगळूरच्या दारापाशी त्या अडल्या तेव्हा बाविशीत होत्या. या दारापाशी अडल्या तेव्हा आयुष्यभराचे काम हाती होते. अडथळा दोन्ही वेळा एकाच जातीचा होता, असे म्हणावयास जागा आहे.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केली होती. कमलाबाई तिच्या कार्यकर्त्या झाल्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्षाही. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. थोरली बहीण दुर्गाबाई यांनी खमंग हे पाककलेवरचे पुस्तक लिहिले. धाकटीने स्वयंपाकघरातील अन्नाची पारख केली. एकाच घरातल्या या दोन विदुषी शेवटी चुलीपाशीच एकमेकींना भेटल्या, असे कौतुकाने म्हणता येईल.

१९९८ साली इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने कमलाबाईंचा सत्कार योजिला. समारंभ नवी दिल्लीत होता. सत्त्याऐंशीच्या घरातील कमलाबाई मुंबईहून, जेथे एकोणसाठ वर्षांपूर्वी त्यांनी पहिली नोकरी पत्करली होती त्या शहरात, आल्या. सभागृहाने उभे राहून टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत केले. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे दिल्लीत निधन झाले.

पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, वैद्यकशास्त्राचे नोबेल गुंटर ब्लोबेल यांना मिळाले. प्रथिनाच्या अंगीच त्याच्या मुक्कामाचा पत्ता लिहिलेला असतो, हे त्यांनी सिद्ध केले होते. १८ जून २०२३ रोजी, कमलाबाईंच्या एकशे बाराव्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले तेव्हा अनेक मराठी घरांत मुलांनी आईवडिलांना विचारले, या कोण?